वाचक विचारतात : घरगाडीची वही

गेल्या अंकात आमच्या मोटरहोमबद्दल, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या घरगाडीबद्दल लिहिलं, तेव्हा एका वहीचा ओझरता उल्लेख आला होता. गाडी दारात आली त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी त्या वहीच्या डाव्या पानावर खर्च लिहिते आणि उजव्या पानावर त्या दिवशी काय घडलं ते. पत्रं बरीच आली. त्यातल्या चार प्रश्नांना इथे उत्तरं देते.

ताई, आम्ही दोघं पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. आठ वर्षं जुनी एक मोटरहोम पाहून ठेवली आहे. इंजिन ठणठणीत आहे, गाडी फारशी चाललेलीही नाही. मुलं म्हणतात, पांढरा हत्ती पोसायला घेताय. इंधनाचा हिशेब आम्ही केलाय. त्यापलीकडे पैसा नेमका जातो कुठे?

"फारशी चाललेली नाही" हे वाचलं आणि सगळ्यात आधी तुमचंच पत्र उत्तरासाठी बाजूला काढलं. साध्या मोटारीच्या बाबतीत ही जमेची बाजू असते. मोटरहोम मात्र उभी राहून म्हातारी होते. माझ्या वहीत अकरापैकी दोनच वर्षं अशी आहेत की इंधनाचा आकडा सगळ्यात मोठा होता. बाकी नऊ वर्षं मोठा आकडा दुरुस्तीचा, आणि त्यातला बराचसा गाडी उभी असतानाच्या काळात तयार झालेला.

सगळ्यात महाग पडतं ते पाणी. आमच्या छताला हवेची झडप, उजेडाची खिडकी आणि अँटेना मिळून सात ठिकाणी भोकं आहेत. प्रत्येकाच्या कडेला सीलंट, म्हणजे फट बुजवणारं लुकण, भरलेलं असतं. ऊन खाऊन ते कडक होतं, चिरतं, आणि चिरेतून पाणी आत झिरपतं. भिंत म्हणजे पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि बाहेरून फायबरचा पत्रा, सगळं गोंदाने चिकटवलेलं. पाणी शिरलं की गोंद सुटतो, लाकूड कुजतं आणि बाहेरून पत्रा फुगतो. हे सगळं आतल्या आत चालतं. डाग दिसेपर्यंत दोन पावसाळे उलटून गेलेले असतात. आमच्याकडे पलंगाच्या वरच्या कपाटाचा कोपरा असाच गेला. सीलंटची एक नळी वेळेवर लावली असती तर जे काम भागलं असतं, त्यासाठी अख्खी भिंत उघडावी लागली. त्या वर्षीचं डावं पान मी अजूनही पुन्हा पुन्हा उघडून बघते. तेव्हापासून वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, मी स्वतः शिडी लावून छत तपासते.

म्हणून तुमची गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी दारं-खिडक्या बंद करून आत दहा मिनिटं बसा. कुबट वास येतो का? वरच्या कपाटांचे आतले कोपरे हाताने चाचपा. भिंतीवर तळहात दाबत शेवटपर्यंत जा. कुठे मऊ लागली तर व्यवहार तिथेच थांबवा, किंमत कितीही उतरवली तरी.

मग टायर. नक्षी नव्यासारखी दिसेल, तिच्यावर जाऊ नका. टायरच्या कडेवर उत्पादनाचा चार आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून जाण्याआधी वयाने जातात. रबर उन्हाने आणि हवेने सुकतं, कडेला बारीक चिरा पडतात, आणि पूर्ण भार घेऊन वेगात असताना असा टायर फुटला तर चाकाजवळच्या पाइपा नि फळ्याही फाडून नेतो. पाच ते सात वर्षांत ते बदलायचेच, असं धरून चला. मागे जोडचाकं असतील तर सहा टायर, हेही हिशेबात घ्या. तुमची पसंत गाडी आठ वर्षांची आहे. टायर मूळचेच असतील तर सहाही टायरांचा खर्च किमतीत मिळवून मगच बोलणी करा.

गाडीतल्या घराच्या दिव्यांची आणि पाण्याच्या पंपाची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी असते. ती साध्या लेड-ॲसिडची असेल तर निम्म्याखाली उतरू द्यायची नाही. थोडा वेळ काहीही चालू न ठेवता मोजलं, तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवताना मुख्य स्विच बंद केला नाही, तर गॅसचा अलार्म आणि रेडिओचं घड्याळ अशा बारीकसारीक गोष्टीच तिला रिकामी करतात. आमच्या पहिल्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. लिथियम बॅटरी महाग असते, पण तिची ऐंशी टक्के साठवण निर्धास्त वापरता येते आणि ती कितीतरी वर्षं जास्त टिकते. फक्त गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नाही.

विमा, उभी करायची जागा, सर्व्हिसिंग हे तुम्ही धरलंच असेल. वजन मात्र बहुतेक जण विसरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो चढले, तुमचं सामान आणि तुम्ही दोघं वेगळेच. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी उभी करा आणि गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनाशी ताडून बघा.

आणि घेण्याआधी तेवढ्याच लांबीची गाडी आठवडाभर भाड्याने घ्या. शक्यतो पावसाळी आठवडा निवडा. दोघांना दिवसभर आत बसून राहावं लागतं, तेव्हा खरं काय ते कळतं. मुलांचा हत्ती मला मान्य नाही. कुठे किती लागतं हे माहीत असेल, तर ही गाडी परवडते.

संडासाच्या टाकीचा वास काही केल्या जात नाही. औषधं टाकून थकलो. टाकी सतत उघडीच ठेवतो, तरीही हाल आहेत.

टाकीचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवता म्हणूनच हाल आहेत. पाणी लगेच वाहून जातं, घट्ट भाग मागे राहतो, साचतो आणि त्याचा टाकीत ढीग होतो. तो नंतर कुठल्याही औषधाने विरघळत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा, सुरुवातीला टाकीत थोडं पाणी सोडा, दर वेळी भरपूर पाणी वापरा आणि टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा. आधी ही टाकी, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे तेच पाणी नळी धुऊन नेतं. टाकी धुतल्यावरही काटा 'भरलेली' दाखवत असेल तर घाबरू नका, आतल्या पातळी मोजणाऱ्या सेन्सरना कागद चिकटलेला असतो.

गॅसवरचा फ्रिज प्रवासात थंड करतो, मुक्कामी पोचलो की नाही. मेकॅनिकला काही सापडलं नाही. बदलावा का?

अजून थांबा. मुक्कामी गाडी उतारावर उभी असते का ते आधी बघा. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, फिरणारा एकही भाग नसतो. खालून उष्णता द्यायची, अमोनिया आणि पाणी यांचं मिश्रण तापतं, अमोनिया वर जाऊन थंडावा देतो आणि द्रव आपल्या वजनाने उतरून परत येतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना केली, आणि ती अजून चालते याचं मला फार कौतुक वाटतं. पण द्रव उतरायला फ्रिज समपातळीत हवा. धावत्या गाडीत तो दोन्हीकडे हलतो, म्हणून भागतं. एका अंगाला कलून तासन्‌तास उभा राहिला तर द्रव अडकतो, खालचा भाग नको तितका तापतो आणि हळूहळू कायमचा निकामी होतो. पाणसळ घ्या, फ्रिजच्या तळाशी ठेवून बघा आणि चाकाखाली फळ्या सरकवा. तरीही थंड झाला नाही तरच बदलायचं बघा.

गाडी मागे घेताना आमचं दर वेळी भांडण होतं. मी ओरडते, ह्यांना ऐकू येत नाही. तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही गाडीत खूप हसता. खरंच का?

खरंच. उजवी पानं साक्षीला आहेत. आमच्या पंपाचा आवाज एवढा आहे की रात्री कुणी पेलाभर पाणी घेतलं तरी सगळी गाडी जागी होते. भाचा सहा वर्षांचा असताना एकदा दोन वाजता पंप घुरघुरला आणि अंधारातून तो म्हणाला, "मी नाही प्यायलो, गाडीला तहान लागली होती." आता मध्यरात्री कुणी उठलं की चारही जण हेच वाक्य म्हणतो. दुसऱ्या एका पानावर पेट्रोल पंपावरचा एक अनोळखी मुलगा आहे. आमची बाहेरची पायरी आत घ्यायची राहिली होती, तो धावत आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या गाडीची जीभ बाहेर आलीय." त्याच दिवशी डाव्या पानावर नव्या पायरीची किंमत आहे. तेव्हापासून निघताना कुणीतरी "जीभ?" विचारतं आणि कुणीतरी "आत!" म्हणतं, आणि पायरी पुन्हा कधी राहिली नाही.

भांडणं आमचीही झाली, पहिली दोन वर्षं. मग एक दिवस आम्ही जागा बदलल्या. मी चालवायला बसले, हे मागे उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सुकाणूवर बसलेल्याला मागचं जवळजवळ काहीच दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात "अगं थांब" हे नुसतं "अं" असं ऐकू येतं. त्याला नवऱ्याचा दोष म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली हौसेच्या भटकंतीसाठी 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली, तेव्हा अरुंद रस्त्यावर पुढून कोण येतंय हे बघायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणं या गाड्यांच्या जन्मापासूनचं आहे.

तेव्हा ओरडणं बंद करा आणि हातांच्या खुणा ठरवा. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर म्हणजे थांब. एक हात बाजूला म्हणजे गाडीचा मागचा भाग त्या बाजूला. तुम्ही आरशात दिसेनाशा झालात की ह्यांनी काहीही न विचारता ब्रेक दाबायचा, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पुढे जाताना वळलात तर मागच्या चाकांपलीकडचा भाग उलट्या दिशेला झुलतो, खांबांना धक्के बसतात ते त्यामुळे, तेव्हा तिकडेही लक्ष हवं. एका सकाळी मोकळ्या मैदानात चार रिकामे खोके मांडा आणि गाडी वीसदा मागे घ्या. दहा वेळा ते चालवतील, दहा वेळा तुम्ही.