अँटिबायोटिकनंतरचे जुलाब, प्रोबायोटिक आणि ती महागडी टेस्ट

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडील तासगावला, वय ६८, शुगर आहे, छातीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट होते, घरी येऊन तीन आठवडे होत आले तरी दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतंय, प्रोबायोटिकचे, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंचे, सॅशे चालू आहेत पण फरक नाही, आणि आता भावाने ती मायक्रोबायोम टेस्ट मागवायचं काढलंय, म्हणजे संडासचा नमुना कुरिअरने पाठवायचा आणि पोटात कुठले जंतू आहेत त्याचा रिपोर्ट मोबाईलवर येणार. माझं सांगलीत मेडिकल आहे, बरीच वर्षं काउंटरला आहे, असे पेशंट सारखे बघतो. थेट सांगतो, टेस्ट नको, आणि सॅशेच्या भरवशावर अजून आठवडा घालवू नका.

आधी पोटात नेमकं काय होतं ते बघा. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, पूर्वी म्हणायचे की शरीरातल्या पेशींच्या दहापट, पण २०१६ ला नीट हिशोब मांडला गेला तेव्हा साधारण ३८ लाख कोटी जंतू आणि ३० लाख कोटी पेशी असा आकडा आला, म्हणजे जवळपास बरोबरीनं. आपल्याला न पचणारा चोथा हे जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी बऱ्याच अंशी त्याच्यावरच जगतात. अँटिबायोटिक घेतलं की छातीतल्या जंतूंबरोबर हे पण मरतात. तणनाशक मारलेल्या रानासारखं होतं, मोकळ्या जागेत पहिलं काय उगवेल सांगता येत नाही. बहुतेकांचं कोर्स संपला की आपोआप सावरतं. काहींचं सावरत नाही, आणि त्यात एक जंतू फार वाईट, क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, डॉक्टर लोक सी डिफ म्हणतात. त्याचे बीजाणू अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, रान मोकळं मिळालं की वाढतो आणि विष सोडतो. वय ६५ च्या पुढे, नुकतंच दवाखान्यात राहून आलेले, मोठी अँटिबायोटिक झालेली, ह्या तिन्ही गोष्टी तुमच्या वडिलांना लागू आहेत म्हणून मला काळजी वाटते. असेलच असं मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही.

तर डिस्चार्ज कार्ड हातात घ्या, कुठली अँटिबायोटिक किती दिवस दिली ते बघा, आणि उद्याच्या उद्या फिजिशियनला दाखवा. संडासच्या नमुन्यातून सी डिफच्या टॉक्सिनची, म्हणजे त्या विषाची, तपासणी होते, सांगली-मिरजेत सोय होते, ती करायची का हे स्पष्ट विचारा. तोपर्यंत जुलाब बंद करायची गोळी, लोपेरामाइड वगैरे, मेडिकलमधून आणून देऊ नका, सी डिफ असेल तर विष आत कोंडून राहतं. आणि घरात सगळ्यांनी साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुवा, सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? असणारच बहुतेक. त्यानं पण पातळ होतं, विशेषतः डोस वाढवला असेल तर. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. तसंच ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ही दवाखान्यातून सुटताना लिहून देतात आणि लोक सहा-सहा महिने घेत बसतात. ती अजून गरजेची आहे का ते विचारा, कारण पोटातलं ॲसिड कमी झालं की अशी इन्फेक्शन वाढायची शक्यता असते.

आता मेटफॉर्मिनवरूनच टेस्टचं सांगतो. शुगरवाल्यांच्या पोटातले जंतू वेगळे असतात असे अभ्यास आले होते, पण २०१५ ला तपासलं तेव्हा लक्षात आलं की त्यातला बराचसा फरक शुगरचा नसून मेटफॉर्मिनचाच होता. म्हणजे तुमच्या वडिलांचा रिपोर्ट आला तर त्यात गोळीचा परिणाम किती, अँटिबायोटिकचा किती आणि आजाराचा किती, हे कोण वेगळं काढणार? शिवाय नॉर्मल कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही. धान्य-डाळी खाणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला जातीचे जंतू जास्त सापडतात, अमेरिकन माणसाच्या पोटात बॅक्टेरॉइड्स जास्त, मग तासगावच्या भाकरी खाणाऱ्या माणसाला कुणाच्या पट्टीनं मोजणार? रिपोर्टवर लाल-हिरवे रंग येतात आणि खाली त्यांचीच सप्लिमेंट विकायला ठेवलेली असते. ज्या माणसाला आज खरी टॉक्सिनची तपासणी लागणार आहे त्याचे पैसे आणि दिवस ह्यात जाणं मला पटत नाही.

प्रोबायोटिकबद्दल मी सरसकट नाही म्हणत नाही. आपल्याच ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ ला प्रसिद्ध झाला, पहिल्या आठवड्यात एक ठराविक लॅक्टोबॅसिलस जंतू आणि सोबत त्याचं खाद्य दिलं तर रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा बाळ दगावणं ९ टक्क्यांवरून साडेपाचच्या आसपास आलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण ठराविक जंतू, ठराविक वय, ठराविक आजार. उलट इस्राएलमध्ये २०१८ ला निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन मग प्रोबायोटिक दिलं तर त्यांचे मूळचे जंतू परत यायला महिनोन्महिने लागले, ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचे लवकर आले. अभ्यास छोटा होता, तरी विचार करायला लावणारा आहे. आमच्याकडे मात्र जुलाब म्हटलं की सॅशे, आणि त्याच्यासोबत कुणीतरी रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा पुढे करतं, "ह्यातल्या चार द्या, मागच्या वेळी गुण आला होता", बघितलं तर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, म्हणजे परत अँटिबायोटिकच. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. ज्या पोटाला अँटिबायोटिकनं त्रास झालाय त्यात परत तेच घालायचं?

भावाने विष्ठा रोपणाचं वाचलंय म्हणालात, ते खरं आहे. नेदरलँड्समध्ये परत-परत होणाऱ्या सी डिफच्या १६ जणांना निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण नळीनं दिलं, १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर, म्हणजे सी डिफला देतात त्या अँटिबायोटिकवर, १३ पैकी ४. फरक इतका होता की ट्रायल मध्येच थांबवली, २०१३ ची गोष्ट. नंतर अमेरिकेत त्याची तयार औषधं पण मंजूर झाली. पण ते औषधांनी परत-परत उलटणाऱ्या केससाठी, आणि दाता कडक तपासून. २०१९ ला तिथंच नीट न तपासलेल्या नमुन्यातून अँटिबायोटिकला न जुमानणारा ई-कोलाय जंतू गेला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला एक पेशंट दगावला. घरगुती प्रयोगाचे व्हिडिओ बघत असतील तर थांबवा त्यांना.

खाण्याचं. आत्ता मऊ भात, मुगाचं वरण, पेज, पातळ ताक. फायबर चांगलं म्हणून ह्या अवस्थेत मोड आलेली मटकी सुरू करू नका. संडास घट्ट झाली, तब्येत सुधारली, की मग थोडं-थोडं, आधी ज्वारीची भाकरी, मग उसळ, शेंगदाण्याची चटणी, एकदम वाढवलं तर गॅसनं हैराण होतील. बांगलादेशात कुपोषित मुलांसाठी पोटातले जंतू डोळ्यासमोर ठेवून खास आहार बनवला, २०२१ ला निकाल आला, नेहमीच्या पोषण आहारापेक्षा कॅलरी कमी असून वजन जास्त वाढलं. त्यात काय होतं माहितीय? हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्ची केळी. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात मिळेल.

ओआरएस मात्र आजपासून, एका लिटर पाण्यात पूर्ण पुडी, प्रत्येक वेळी संडास झाली की थोडं-थोडं. शुगर आहे म्हणून टाळू नका, शुगर तपासत राहा. आणि ताप आला, पोट फुगलं किंवा दुखायला लागलं, संडासमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली, नीट बोलेनासे झाले तर ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी करून दवाखान्यात न्या. टॉक्सिनचा रिपोर्ट काय आला ते इथंच लिहा.