बीटीआरएफएस, बीकॅशएफएस: घ्यावी की थांबावं?

"स्थिर आहे का?" हे अख्ख्या फाइलसिस्टिमबद्दल (डिस्कवर फाइल्स कशा ठेवायच्या ते ठरवणाऱ्या व्यवस्थेबद्दल) विचारू नका, तुम्ही वापरणार त्या फीचरबद्दल विचारा. बीटीआरएफएस (Btrfs) ही फाइलसिस्टिम २००९ साली लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.२९ मध्ये आली आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ या लिनक्स वितरणाने डेस्कटॉपसाठी डीफॉल्ट केली. एका डिस्कवर किंवा रेड १ मध्ये (एकच डेटा दोन डिस्कवर) खुशाल वापरा. तिचंच रेड ५ आणि ६ (गेलेली डिस्क पॅरिटी या जादा हिशेबी डेटावरून उभी करणाऱ्या रचना) मात्र टाळा. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा आणि पॅरिटीचा मेळ तुटतो, आणि नंतर डिस्क गेली की तो भाग परत उभा करता येत नाही.

दुसरी गोष्ट, कर्नलमधलं स्थान. बीकॅशएफएस (bcachefs) ही दुसरी फाइलसिस्टिम कर्नल ६.७ मध्ये आली आणि ६.१८ मधून काढली गेली. आता तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) वेगळं बसवावं लागतं. कर्नल अपडेटनंतर ते बिल्ड झालं नाही तर रूट (सिस्टिम असलेला मुख्य भाग) माउंटच होणार नाही, म्हणजे जोडलाच जाणार नाही. नवख्याने रूटसाठी ती घेऊच नये.

चाचणी जास्तीच्या डिस्कवरच करा. बीटीआरएफएस नव्वद टक्के भरा, स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या फाइल्सची प्रत) घ्या-पुसा, कॉपी चालू असताना प्लग काढा. मग स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवा आणि डिव्हाइस स्टॅट्स बघा: चुकांचे पाचही आकडे शून्य हवेत. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा दाखवतंय पण "नो स्पेस" येतंय? बहुधा मेटाडेटाला (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींना) जागा उरलेली नसते. डेटा-युसेज ५० देऊन (निम्मेच किंवा कमी भरलेले डेटाचे तुकडे एकत्र करायला) बॅलन्स करा.

बिघाड झालाच तर बीटीआरएफएसच्या चेक कमांडचा रिपेअर पर्याय लगेच चालवू नका, नुकसान वाढू शकतं. आधी रीड-ओन्ली माउंट करून डेटा बाहेर काढा.