फुलोऱ्यात बर्फ पडला? फवारणीचा पंप लगेच काढू नका

प्रश्न : सर, मी निफाडचा, सध्या हिमाचलात कोटगडकडं सफरचंदाची बाग सांभाळतो. रात्रीत फूटभर बर्फ पडलाय, रॉयल जातीची झाडं गुलाबी कळीत (फूल उघडायच्या आधीची अवस्था) आहेत, फांद्या चिरल्या, गारांपासून वाचवणारी जाळी बर्फाच्या वजनानं झाडांवर बसली. दुकानदार म्हणतो युरिया, टॉनिक, बुरशीनाशक एकाच ड्रममध्ये मारा, वर जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) पण. मारू का?

उत्तर : नाही. चार दिवस पंपाला हात लावायचा नाही. एप्रिल 2021 ला शिमल्याच्या वरच्या पट्ट्यात असाच बर्फ पडला होता, अशा वेळी झाडापेक्षा दुकानदाराला घाई जास्त असते.

आधी जाळीच्या दोऱ्या कापा, जाळी गेली तर जाऊ दे. एप्रिलचा बर्फ ओला, जड. बेचक्याच्या काठीनं फांदी खालून हळू उचलायची, आधी खालच्या मग वरच्या, वरून झोडपलं की कळ्याच खाली येतात. गोठून चिकटला असेल तर ऊन येईपर्यंत थांबा. चिरलेली बेचकी त्याच दिवशी दोरीनं आवळून आरपार नटबोल्ट मारा आणि चौबटिया पेस्ट (झाडाच्या जखमेवर लावायचा तांबंयुक्त लेप) लावा, नुसत्या सुतळीवर भागवू नका, फळाच्या वजनानं परत फाटते.

दोनेक दिवसांनी ब्लेडनं कळ्या आडव्या कापून बघा, वरच्या खालच्या मिळून शंभर तरी. मधला भाग काळा म्हणजे गेली, हिरवा म्हणजे जिवंत, पाकळी टवटवीत दिसते त्यावर जाऊ नका. गुलाबी कळीत उणे 2 अंशांना नुकसान सुरू होतं, उणे 4 ला बहुतेक कळ्या संपतात. पण शंभरात दहा फुलं धरली तरी पीक निघतं भाऊ.

कळ्या जिवंत असतील तर 200 लिटरच्या ड्रमला 200 ग्रॅम बोरिक ॲसिड, एकदाच, तेही फूल उघडायच्या आधी. दुकानदार 400 म्हणेल, ऐकू नका, करपेल. मार खाल्लेल्या कळीवर युरिया नको, फुलात तांबंयुक्त बुरशीनाशक नको (फळावर खरखर येते), कीटकनाशक तर अजिबात नको, मधमाशी मरते. आणि जीए द्राक्षाची सवय आहे, ती निफाडलाच ठेवा, इथं पुढच्या वर्षीची कळी कमी होते. परत सांगतो, एका ड्रममध्ये सगळं कालवायचं नाही.

माशी 12-13 अंशांखाली उडत नाही, म्हणून परागदात्या जातीच्या (जिच्या परागानं रॉयलला फळ धरतं) फुलांचे गुलदस्ते पाण्याच्या पिशवीत घालून झाडोझाडी टांगा. हे मी सगळ्यांना सांगतो, खर्च जवळपास नाही. जाळी पाकळ्या गळाल्यावरच परत चढवा.

विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो, तरी मोडक्या फांद्या तोडायच्या आधी फोटो काढून पटवारी आणि उद्यान विभागाला कळवा, अनुदानाचंही तिथंच विचारा.