2006 च्या युरोव्हिजनमध्ये (युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा) चौथा आलेला रोमानियाचा गायक मिहाई पुढे दिसलाच नाही. त्याचं करिअर तिथेच संपलं का?

नाही, अजिबात संपलं नाही. तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय की एकदा चौथा येऊन गेल्यावर स्पर्धेला कोण जाणार ते ठरवणाऱ्या देशातल्या सिलेक्शनला परत परत उभं राहणं हा हरलेल्या माणसाचा हट्ट वाटतो. मला ते पटत नाही, का ते जरा सविस्तर सांगतो.

मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळचा रत्नागिरीचा. 2009 च्या उन्हाळ्यात आमचं जहाज गहू भरायला कॉन्स्तान्त्साला लागलं होतं, म्हणजे काळ्या समुद्रावरचं रोमानियाचं मोठं बंदर, धान्याच्या जहाजांची तिथे कायम ये-जा. पाऊस आला, गहू भिजू नये म्हणून हॅचेस, म्हणजे जहाजाच्या गोदामांची झाकणं, बंद केल्या, लोडिंग थांबलं, आणि आम्ही तिघं शोअर लीव्ह घेऊन टॅक्सीने गावात निघालो. ड्रायव्हर पन्नाशीचा, इंग्लिश पाच-सहा शब्द. रेडिओवर एक गाणं लागलं तसा त्याने गप्पकन आवाज वाढवला आणि एक बोट वर करून ठेवलं, थांबा, ऐका म्हणून. गाण्यात आवाज चढत चढत अशा ठिकाणी गेला की मला वाटलं आता बाई गायला लागली, तर तो मानेनेच नाही म्हणाला, आणि बोट खाली, रस्त्याकडे दाखवून म्हणाला, "मिहाई. कॉन्स्तान्त्सा." आमचा आहे, इथला आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. स्पर्धेला तीन वर्षं होऊन गेली होती तेव्हा. ते गाणं म्हणजे 'तोर्नेरो', 2006 ला तो स्पर्धेत गायला तेच.

जहाजावर परत आल्यावर मी त्याच्याबद्दल शोधायला लागलो आणि ते अजून सुटलेलं नाही.

पूर्ण नाव मिहाई त्रइस्तारिऊ, जन्म 16 ऑगस्ट 1979, पियात्रा नेआम्त्सचा, म्हणजे देशाच्या ईशान्येला कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याचं गाव. तिथून तो पार दुसऱ्या टोकाला समुद्राकाठी कॉन्स्तान्त्साला शिकायला आला, तेही गणित, आणि मग तिथलाच झाला. 90 च्या दशकाच्या शेवटी तो वलाहिया नावाच्या ग्रुपमध्ये गायचा, नंतर एकट्याने सुरू केलं. थोडक्यात 2006 ला तो काही आकाशातून पडलेला नवखा पोरगा नव्हता, मागे बरीच वर्षं स्टेजवर घालवलेली होती.

आता 2006 चं. फायनल 20 मे ला अथेन्सला. युरोव्हिजनचे नियम माहीत नसतील तर त्याने काय केलं ते नीट कळत नाही, म्हणून सांगतो. गाणं तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये, स्टेजवर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, आणि त्या काळी वाद्यं टेपवर असली तरी सगळा आवाज लाइव्हच लागायचा, मागे कोरस गाणाऱ्यांचा सुद्धा. म्हणजे डान्स नंबर घेऊन गेलात तर पंचाईत अशी की आजूबाजूला नाचणारी पोरं, ढणढण बीट, तुम्ही स्वतः हलताय, आणि त्यातच श्वास सांभाळून गायचं. बरेच जण अशा गाण्यात सोपी चाल ठेवतात. मिहाईने उलट केलं. चाल एदुआर्द चिर्कोताची, शब्द बरेचसे इंग्लिश, पण धृपद इटालियन, आणि त्या धृपदातून त्याने आवाज थेट वर नेला, तार सप्तकाच्याही पलीकडे. त्याचा गळा पाच सप्तकांचा आहे असं रोमानियात कायम लिहिलं जातं. आकडा बाजूला ठेवा, तुम्ही फक्त तो वरचा सूर ऐका. तो किंचाळत नाही. आवाज पातळ होतो पण फाटत नाही, आणि तिथून परत खाली बीटवर येतो तेव्हा एक क्षणसुद्धा मागे पडत नाही. गळ्यावर किती वर्षं मेहनत घेतली असेल तेव्हा हे असं सहज वाटत असेल.

अजून एक गंमत बघा, इटली त्या वर्षी स्पर्धेत नव्हतीच, 1997 नंतर जी गेली ती थेट 2011 ला परत आली. म्हणजे इटालियन ऐकायची ज्या लोकांना आवड त्यांची हौस त्या रात्री एका रोमानियनाने भागवली.

निकाल: राक्षसांचे मुखवटे घातलेला फिनलंडचा लॉर्डी बँड 292 पॉइंट घेऊन पहिला, रशिया 248, बॉस्निया 229, आणि चौथा मिहाई 172 वर. पाचवी स्वीडनची कारोला 170 वर, आणि कारोला म्हणजे 1991 ची युरोव्हिजन विजेती. फक्त दोन पॉइंटने का होईना, पण तिच्या वर राहणं मला तरी मोठी गोष्ट वाटते.

शिवाय चौथ्या नंबरचा देशाला रोखठोक फायदा झाला, हे कोणी बोलत नाही. तेव्हा नियम असा होता की पहिल्या दहात आलेल्या देशाला पुढच्या वर्षी सेमीफायनल नाही, डायरेक्ट फायनल. आदल्या वर्षी, 2005 ला कीव्हमध्ये लुमिनित्सा आंगेल आणि सिस्टेम ग्रुप तिसरे आले होते, म्हणून मिहाई थेट फायनलला उतरला, आणि मिहाई चौथा आला म्हणून 2007 ला तोदोमोंदो थेट उतरले. ते तेरावे आले, आणि 2008 पासून तो नियमही गेला, तिथे ती साखळी तुटली.

आता तुमच्या हट्टाच्या मुद्द्याकडे येतो. 2016 ला तो 'पॅराडिसिओ' घेऊन परत नॅशनल सिलेक्शनला उतरला आणि दुसरा आला, जिंकला ओविदिऊ आंतोन. आणि मग एप्रिलमध्ये जे झालं ते वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. रोमानियाच्या सरकारी टीव्हीने युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचे, म्हणजे युरोव्हिजन भरवणाऱ्या संस्थेचे, 1 कोटी 60 लाख स्विस फ्रँक थकवले होते, उधारी 2007 पासूनची, मुदत देऊनही भरले नाहीत, म्हणून 22 एप्रिलला युनियनने देशालाच बाहेर काढलं. स्टॉकहोमची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. ज्या पोराने गाणं जिंकलं, तयारी केली, त्याचा यात काडीचा दोष नाही आणि तो घरी बसला. मिहाई त्या वर्षी जिंकला असता तर हे त्याच्या नशिबी आलं असतं.

एवढं बघूनही पुढच्याच वर्षी, 2017 ला तो 'आय वोन्ट सरेंडर' घेऊन पुन्हा उभा, पुन्हा दुसरा. त्या वर्षी इलिंका आणि आलेक्स फ्लोरेआ जिंकले, योडलिंग (गळ्याचा आवाज झटक्यात वर-खाली करत गाणं) आणि रॅप एकत्र केलेलं ते गाणं, आणि पुढे कीव्हला ते सातवे आले, म्हणजे लोकांनी निवडलं ते काही चुकीचं नव्हतं. 2018 ला मिहाई परत आला, 'हेवन' घेऊन.

हरलेला माणूस असं करतो का? मला वाटतं हरलेला माणूस एकदा चौथा आल्यावर परत त्या दारात जातच नाही, कारण गेला तर लोक म्हणणार बघा याचं आता काही चालत नाही. याने ती भीतीच मनात ठेवली नाही, आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर रांगेत उभा राहिला, नवीन गाणं घेऊन, दरवेळी तोच गळा पणाला लावून. 'तोर्नेरो'चा अर्थ इटालियनमध्ये 'मी परत येईन' असा होतो, आणि हा खरंच येत राहिला.

आणि पोट भरायचं म्हणाल तर तो युरोव्हिजनच्या भरवशावर बसलेला नाही. कॉन्स्तान्त्साला लागूनच ममाया म्हणून लांबच लांब बीच आहे, उन्हाळ्यात अख्खा रोमानिया तिथे लोटतो, आणि तिथे त्याचे फ्लॅट आहेत जे तो टूरिस्ट लोकांना भाड्याने देतो. मला हे फार आवडलं. कलाकाराने कफल्लक मरावं असं कुठे लिहिलंय.

ऐकायचं असेल तर स्टुडिओचं रेकॉर्डिंग नको, अथेन्सच्या फायनलचा व्हिडिओ बघा, हेडफोन लावून. वरचा सूर लागायच्या आधीचा श्वास नीट ऐका, केवढासा घेतो.