पाण्याकाठी कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही, पण पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आहे आणि सुट्टीत कोकण गाठणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे या महिन्यातले प्रश्न दोन्ही किनाऱ्यांचे आहेत.

प्रश्न : जानेवारीत सहकुटुंब चार दिवस दापोली-गुहागरकडे चाललो आहोत. समुद्रपक्षी आणि सूर्यास्त दोन्हींचे चांगले फोटो हवेत. कोणते दिवस धरावेत? (लातूर)

उत्तर : कॅमेऱ्याच्या आधी कालनिर्णय काढा. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, पक्ष शुक्ल असो की कृष्ण. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

पक्ष्यांना चढती भरती लागते. ओहोटीत चिखले, तुतवार आणि कुरव लांबवर पसरलेल्या ओल्या वाळूत विखुरतात. त्यांच्या मागे गेलात की उडतात. पाणी चढू लागले की तेच पक्षी अरुंद पट्ट्यात गोळा होत तुमच्या दिशेने सरकतात. म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास आणि कोवळे ऊन एकत्र यायला हवे. हा योग एकादशी-द्वादशीला जुळतो.

सूर्यास्ताच्या दृश्याला उलट पूर्ण ओहोटी हवी. तेव्हाच वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात आकाशाचा रंग उतरतो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्या वेळची ओहोटी पौर्णिमा-अमावास्येला मिळते. तेव्हा द्वादशीच्या सकाळी किनाऱ्यावर असाल अशा बेताने पोहोचा आणि पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा सूर्यास्त टिपूनच परतीचा विचार करा. चार दिवसांत दोन्ही कामे होतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही आणि ओहोटी भर दुपारी येते. ते दिवस टाळा.

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येते, पक्ष्यांसाठी ते उत्तमच. मात्र मागे डोंगर आणि सुरूची झाडे असल्याने वाळूवर ऊन उशिरा पडते. उजाडताना भरतीच्या खुणेच्या वर, कोरड्या वाळूत बसून घ्या आणि मग हलू नका. उडत्या पक्ष्यासाठी शटर 1/2000 सेकंद, चालत्यासाठी 1/800, आयएसओ ऑटोवर. गडद पाण्यासमोर पांढरा कुरव असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर पिसांचा तपशील जातो. चौकटीत उजळ वाळूच जास्त असेल तर उलटे, तेवढेच वाढवा. मुलांना पक्ष्यांच्या थव्यामागे धावू देऊ नका. हे फोटोसाठी नाही, पक्ष्यांसाठी सांगतो आहोत. दर वेळी उडताना त्यांची खाऊन मिळवलेली शक्ती खर्च होते.

प्रश्न : 150-600 मिमीची लेन्स घेतली तरी नाथसागरावरचे रोहित पक्षी कधीच धारदार येत नाहीत. लेन्स सदोष आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बहुतेक नाही. हा तापलेल्या हवेचा खेळ आहे. उघडा पडलेला गाळ उन्हाने तापतो, त्यावरची गरम हवा थरथरत वर जाते आणि अंतर जितके जास्त तितका फोटो बिघडतो. खात्री करून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्क्रीनवर पक्षी दहापट मोठा करून पाहा. त्याची कड पाण्यातल्यासारखी हलत असेल तर दोष हवेचा. एकामागून एक दहा फोटो काढा. प्रत्येकात वेगळीच जागा अस्पष्ट असेल तरी तेच कारण. लेन्सचा दोष असता तर थंड पहाटे, पंचवीस मीटरवरच्या टिटवीचा फोटोही तसाच आला असता.

यावर महागडा इलाज नाही. हिवाळ्यात सूर्योदयापासून साधारण दोन तास कामाचे, मार्चनंतर त्याहून कमी. जमिनीलगत झोपून काढलेला फोटो देखणा दिसतो, पण थरथर सगळ्यात जास्त तिथेच असते. म्हणून ऊन चढेपर्यंत खाली राहा, नंतर बांधावर उभे राहा. शक्यतो मधे गाळ नव्हे, पाणी असेल अशी जागा धरा. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद करून काचा दहा मिनिटे उघड्या ठेवा, कारण गाडीतली आणि बाहेरची हवा खिडकीतच मिसळते. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढा. सहाशेवर त्याने फोटो मऊ पडतो.

आता बाजू. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे पैठणच्या बाजूने सकाळचे ऊन पाठीवर येते आणि संध्याकाळी पक्षी काळ्या आकृत्या होतात. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात आपल्याकडे तो भर दुपारीही क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिले की पक्ष्यांवर समोरून ऊन पडते. उत्तर काठावर नेमके उलटे होते.

नाथसागराला भरती नसते, पण कालव्यांना आवर्तन सुटले की पाणी उतरते. काठ उथळ असल्याने पंधरवड्यात तुमची नेहमीची जागा कोरडी पडलेली सापडते. जाण्याआधी धरणाची पाणीपातळी पाहून घ्या. शिवाय वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो. काठीने चाचपल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका, एकटे तर मुळीच नको.

पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. सगळे एकाच दिशेने चालू लागले तर दोन पावले मागे या; पुढची पायरी उड्डाणाची असते. हे 1986 पासूनचे अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय इथे ड्रोन नको.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. विष्णुपुरीच्या पाण्याकाठी काय जमेल? (नांदेड)

उत्तर : दृश्ये उत्तम जमतील. दूरचा पक्षी जमणार नाही, आणि बोटांनी झूम केल्याने तर नाहीच. लेन्स मऊ कापडाने पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलकट डागांचे असतात. आकाशावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पक्षीच हवा असेल तर 8×42 च्या दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला मोबाईल बरोबर मधोमध टेकवा, दुर्बीण बांधावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

प्रश्न : लाटा रेशमासारख्या दिसाव्यात म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घेतला, पण फोटो हललेलेच येतात. (धाराशिव)

उत्तर : ट्रायपॉड रुततो आहे. परत जाणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि तीस सेकंदांत तो दोन-चार मिलिमीटर खचतो. पाय पूर्ण फाकवून हाताने दाबून रुतवा, मधला दांडा वर काढू नका, एक-दोन लाटा जाऊ द्या आणि मगच फोटो घ्या. गाळात तिन्ही पायांखाली प्लायवूडचे वीतभर तुकडे ठेवा. आधी फिल्टरशिवाय फोकस करा, तो मॅन्युअलवर टाका, नंतर फिल्टर लावा. फिल्टरशिवाय 1/60 सेकंद येत असेल तर सहा स्टॉपच्या फिल्टरने एक सेकंद आणि दहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे सोळा सेकंद लागतात. आमच्या मते समुद्रावर सोळा सेकंद जास्तच होतात, लाटेचे नुसते धुके होते. माघारी जाणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर अर्धा सेकंद पुरतो.

प्रश्न : उन्हाळ्यात गाळपेरीच्या जमिनीजवळ नदी सुरयाची अंडी दिसली. घरट्याचा फोटो कसा घ्यावा? (परभणी)

उत्तर : घेऊ नये. चाळीस अंशांच्या उन्हात आईबाप पक्षी अंड्यांवर सावली धरून बसतात, ओल्या पोटाने ती गार ठेवतात. तुम्ही जवळ असेपर्यंत ते उडत राहतात आणि अंडी उन्हात भाजतात. कावळे आणि कुत्री माणसाचा माग बघून येतात ते वेगळेच. जागेचा ठावठिकाणाही कुठे टाकू नका. सुरय पाण्यावर सूर मारताना घ्या, तिथे तुमचा त्रास होत नाही.

प्रश्न : कोकणातून आल्यावर लेन्सच्या आत जाळीसारखे दिसते. (जालना)

उत्तर : ती बुरशी आहे. आत शिरलेली बुरशी दुरुस्तीवाल्याकडूनच साफ करून घ्या. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पुढच्या वेळी एसी गाडीतून उतरताना बॅग अर्धा तास बंदच ठेवा, म्हणजे काचेवर दव जमणार नाही. वाळूवर लेन्स बदलू नका. मुक्कामी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरचा भाग पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा. घरी हवाबंद डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. जेलचा रंग बदलला की 120 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये वाळवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. केशरी जेल मिळाले तर तेच घ्या.