बंदमधून दवाखाने वगळलेले असतात, मग ग्रामीण दवाखान्याचं काम अडतं कुठे?

तुम्ही विचारलंय की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणी भागात बंद पुकारला तरी दवाखाने आणि औषध दुकानांना सूट असते, मग तिथलं काम विस्कळीत का होतं. 30 खाटांच्या दवाखान्याचं रोजचं काम डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

सूट दवाखान्याला असते, तिथल्या माणसांना आणणाऱ्या बसला नसते. डॉक्टर आणि दोन-तीन सिस्टर आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहतात. पण आया, वॉर्डबॉय, लॅबवाला, स्वयंपाकाच्या बायका आसपासच्या गावांतून पहिल्या बसनं येतात. बंद सहसा सकाळी 6 ते संध्याकाळी 6. म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला घरी जाता येत नाही आणि त्याला सोडवणारा पोचत नाही. सलग 20 तास उभी असलेली सिस्टर औषधाचा डोस मोजताना चुकू शकते, आणि तो दोष तिला लावणं अन्यायाचं आहे. म्हणून आदल्या संध्याकाळीच दुसरी तुकडी मुक्कामी बोलवायची आणि 12-12 तासांच्या पाळ्या लावायच्या. त्यांच्या अंथरुणाची, जेवणाची सोय आधी करा, नाहीतर कुणी थांबत नाही. दूध, भाजी, तांदूळही आदल्या दिवशीच.

सर्जन हजर असूनही सिझेरियन अडू शकतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, लावणारा माणूस आला नाही की कपड्यांचे आणि हत्यारांचे निर्जंतुक ड्रम संपतात. एरवीपेक्षा दोन सिझेरियनचे ड्रम जास्त तयार ठेवावेत.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडा. भरलेल्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7,000 लिटर वायू असतो. मिनिटाला 5 लिटर लावलं तर तो 23 तास पुरतो, 10 लिटरवर साडेअकरा. 5 लिटरवरचे तीन रुग्ण असतील तर दिवसाला तीनहून थोडे जास्त सिलिंडर लागतात. साठा मात्र दोन दिवसांचा हवा, कारण दुसऱ्या दिवशी सगळीकडूनच मागणी येते आणि लहान दवाखान्याचा नंबर उशिरा लागतो. नुसते सिलिंडर मोजू नका. रेग्युलेटर लावून प्रत्येकाचा दाब बघा : 150 बारच्या आसपास म्हणजे भरलेला, 75 म्हणजे निम्मा. ‘भरलेले’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्यांत एखादा रिकामा निघतोच.

पंप बंद असतात, त्यामुळे जनरेटरचं आणि रुग्णवाहिकेचं डिझेल आधी भरा. पिवळ्या पिशव्यांतला जैववैद्यकीय कचरा नियमानुसार 48 तासांच्या वर ठेवायचा नसतो. बंदला लागून सुट्टी आली की ही मुदत ओलांडते, म्हणून कचऱ्याची गाडी आदल्या दिवशी बोलवावी.

सर्वांत जास्त काळजी डायलिसिसवाल्यांची. सोमवार-गुरुवार पाळीच्या रुग्णाचा गुरुवार बुडाला तर मध्ये पूर्ण आठवडा जातो. अंगात पाणी साचतं, पोटॅशियम वाढतं आणि धाप लागलेल्या अवस्थेत तो मध्यरात्री दारात येतो. एक पाळी 4 तासांची असते. त्यामुळे बुधवारी रात्रीची जादा पाळी लावून सगळ्यांना उरकून घेणं हाच खरा उपाय. ते जमलंच नाही तर पाणी मोजून प्यायला सांगा. केळी, शहाळं, टोमॅटो पूर्ण बंद.

नववा महिना भरलेल्या बायकांची यादी आशाताईंकडे असते. आधी सिझेरियन झालेली, बीपी वाढलेली किंवा जांबोटी-कणकुंबीकडच्या आडगावातली असेल तर तिला आदल्या दिवशी तायी कार्डासह (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांचं कार्ड) दाखल करून घ्यावं. एक खाट रात्रभर अडली तरी चालेल.

रेफर करताना खानापूरहून बेळगाव गाठायचं असतं. निपाणीकरांना मात्र कोल्हापूर जवळ पडतं आणि सीमाप्रश्नावरून तापलं की तोच रस्ता अवघड होतो. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या होत्या. अशा दिवशी आपल्या गाडीची नंबरप्लेट पलीकडे परराज्याची दिसेल म्हणून चालक कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. गाडीवर कन्नडमध्ये ‘तुर्तु सेवे’ आणि मराठीत ‘तातडीची सेवा’ असे दोन्ही फलक लावा. वैद्यकीय अधिकाऱ्याचं कन्नडमधलं पत्र चालकाच्या खिशात द्या आणि निघण्यापूर्वी गाडीचा नंबर पोलीस ठाण्याला कळवा. रुग्ण घेण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन करून खाट आहे का, हेही विचारा. माणूस तिथवर नेऊन परत आणावा लागला तर हाती असलेला वेळ जातो.

बससंप हा वेगळा प्रकार. बंद संध्याकाळी सुटतो, संप सुटत नाही. एप्रिल 2021 मध्ये कर्नाटकातल्या परिवहन कर्मचाऱ्यांचा संप सुमारे दोन आठवडे चालला. तेव्हा मुक्कामी तुकडी पुरत नाही. गावागावांतून कर्मचाऱ्यांना आणणारी भाड्याची क्रूझर लावावी लागते. बीपी, साखर, फिट्स यांच्या गोळ्या एकदम महिनाभराच्या द्याव्या लागतात, नाहीतर गोळी तुटलेला फिट्सचा रुग्ण बेशुद्ध होऊन येतो.

बंदच्या दिवशी ओपीडी ओस असते, म्हणून रजा वाटू नका. दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी येते आणि त्यात घरी वाट बघत बसलेले असतात : जुलाबांनी डोळे खोल गेलेलं मूल, कालपासून छातीत दुखणारा शेतकरी, कुत्रं चावून लशीची तारीख चुकलेली मुलगी. केसपेपर काढण्याच्या रांगेत एक सिस्टर उभी करा, ती या तिघांना आधी आत घेईल.