मॅनेजर माझं काम स्वतःच्या नावावर खपवतो, दोन वर्षं प्रमोशन अडलंय. कंपनी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की पेमेंटचं अख्खं मॉड्यूल तुम्ही उभं केलं, क्लायंटसमोर श्रेय मॅनेजरने घेतलं आणि सलग दुसऱ्या वर्षी रेटिंग मधलंच आलं. सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी रेटिंग ठरतं कसं ते सांगतो, कारण स्वतः मॅनेजर होईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

हिंजवडीत डेव्हलपर असताना तीन वर्षं मी अशाच एका माणसाच्या हाताखाली काढली. पुढे दुसऱ्या कंपनीत टीम सांभाळायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा कॅलिब्रेशनच्या मीटिंगला बसलो, म्हणजे जिथे सगळे मॅनेजर मिळून प्रत्येकाचं रेटिंग ठरवतात. सात-आठ मॅनेजर, साठेक नावं आणि वेळ दोन तास. म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं. वरचं रेटिंग मोजक्यांनाच द्यायचं असतं, त्यामुळे दुसरे मॅनेजर विचारतातच, "याने नेमकं काय केलं?" "फार मेहनती आहे, रात्री उशिरापर्यंत बसतो" एवढंच सांगता आलं तर नाव खाली सरकतं. "सेटलमेंटचा प्रोग्राम चार तास चालायचा, तो पन्नास मिनिटांवर आणला" असं सांगितलं की कुणी पुढे काही विचारत नाही. माझ्या टीममधल्या एका मुलीबद्दल त्या दिवशी माझ्याकडे असं सांगण्यासारखं काही नव्हतं. काम तिने केलं होतं, मीच टिपून ठेवलं नव्हतं. तिचं वर्ष गेलं, ते मला अजून लागतं.

मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी (ठरावीक टक्के लोकांना वरचं आणि ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायलाच लावणं) 2013 मध्ये बंद केली. पण पद्धत कुठलीही असो, पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं तिथे ही ओढाताण राहतेच.

म्हणून दर दुसऱ्या शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींचा मेल टाका: काय केलं, त्याने काय बदललं, आकड्यांसकट. पुढचा डेमो मी देतो, असं स्वतःहून सांगा. (क्लायंटचा कोड किंवा डेटा मात्र पुरावा म्हणून घरच्या मेलवर पाठवू नका, त्यावरून नोकरी जाऊ शकते.) मग वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे मॅनेजर आणि तुम्ही दोघंच बसता त्या मीटिंगमध्ये, विचारा, "सीनियर व्हायला माझ्यात नेमकं काय कमी आहे?" जे उत्तर येईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून त्यांना पाठवा.

इथे माणूस कळतो. काहींना वरच्यांसमोर बोलताच येत नाही, त्यांना तुमचा मेल आयता उपयोगी पडतो. काही जण मात्र सगळं हातात असूनही तुमचं नाव गाळतात. तुमचा मॅनेजर असा निघाला तर तिथे तिसरं वर्ष घालवू नका. आधी कंपनीतल्याच दुसऱ्या प्रोजेक्टवर जागा आहे का बघा. बाहेर जायचं तर नोटीस 90 दिवसांची आहे का, नवी कंपनी तेवढं थांबेल का, हे आधीच बोलून घ्या. आणि व्हेरिएबल (पगारातला कामगिरीवर मिळणारा भाग) कधी जमा होतं ते पाहिल्याशिवाय राजीनामा टाकू नका. मी फेब्रुवारीत रागाच्या भरात टाकला आणि वर्षभराचं व्हेरिएबल हातचं गेलं. तुमच्या ऑफर लेटरमधलं ते कलम आज रात्रीच काढून वाचा.